ओसरीवरून : कचेरीची किल्ली घरांत

गेल्या महिन्यांत एका दुपारीं आमच्या हातून एक चूक घडली. ती लहान कीं मोठी, हें त्या वेळीं आम्हांस कळलें नाहीं. कळलें तेव्हां मात्र साठी उलटलेल्या माणसानें तोंड लपवावें अशी आमची स्थिति झाली. घरांतील गोष्टी चव्हाट्यावर मांडूं नयेत असें शहाणे सांगतात. परंतु ज्या चुकीपासून आणखी दहा घरें सावध होतील ती झांकून ठेवणें हा शिक्षकाचा धर्म नव्हे, असें वाटून आज लिहावयास बसलों आहों.

आमचें पिंपळगांव बसवंत हें निफाड तालुक्यांतील गांव मुंबई-आग्रा रस्त्यावर वसलेलें. कांदा, टोमॅटो आणि द्राक्षें यांच्या व्यापारानें याचें नांव दूरवर गेलें आहे. सकाळीं बाजारसमितीच्या वाटेवर ट्रॅक्टरांच्या रांगा लागतात, लिलाव पुकारले जातात, आणि त्या दिवशींच्या भावावर गांवाचा चेहरा खुलतो किंवा उतरतो. अशा गांवांत राहून पुण्याच्या कचेरींत नोकरी करतां येईल, असें पंधरा वर्षांपूर्वीं कोणी म्हटलें असतें, तर आम्ही हंसलों असतों. आज आमची धाकटी सून तेंच करीत आहे. सकाळचा चहा व मुलांचे डबे आटोपून ती माडीवरच्या खोलींत जाते, कचेरीनें दिलेला लॅपटॉप उघडते, आणि पुण्यांतील यंत्रांत ठेवलेल्या कागदपत्रांवर काम करूं लागते. दुपारीं सर्वांबरोबर जेवावयास खालीं येते. मुलगा-सून शहरांत भाड्याच्या दोन खोल्यांत आणि म्हातारीं माणसें गांवीं, हा ज्या घरांचा अनुभव आहे, त्यांनाच या सुखाचें मोल कळेल.

हा पालट एका दिवसांत झालेला नाहीं. १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें आपल्या देशांत इंटरनेट सर्वसामान्यांस खुलें केलें. तेव्हां तें टेलिफोनच्या तारेवरून येई, आणि तें चालू असेपर्यंत घरचा फोन मुका होई. २००४ सालच्या सरकारी धोरणानें सेकंदास २५६ किलोबिट या वेगास ब्रॉडबँड हें नांव दिलें. २०२३ सालीं तीच किमान मर्यादा २ मेगाबिट झाली. आणि आज कांचेच्या तंतूंतून आमच्या माडीवर येणारा वेग त्याच्याहि कित्येक पट आहे. पुढें करोनाची सांथ आली. १३ मार्च २०२० रोजीं दूरसंचार खात्यानें कॉल सेंटरासारख्या सेवा देणाऱ्या कंपन्यांना घरून काम करविण्यावरील अटी सैल करून दिल्या. २४ मार्चच्या रात्रीं देशभर टाळेबंदी जाहीर झाली. आणि त्याच वर्षीं ५ नोव्हेंबरला नवी नियमावली निघून त्या अटींपैकीं पुष्कळशा कायमच्या उठल्या. अशा रीतीनें कचेरी घरांत आली. मात्र कचेरीबरोबर तिची किल्लीहि घरांत आली, हें घरांतील बाकीच्या मंडळींच्या ध्यानांत आलें नाहीं. त्या मंडळींत आम्हीहि होतों.

प्रथम रस्त्याचा विचार करूं. पिंपळगांवाहून पुण्यास जाणारा मजकूर एकसंध जात नाहीं. त्याचे लहान लहान तुकडे होतात, प्रत्येकावर पत्ता असतो, आणि ते अनेकांच्या यंत्रांतून हातोहात पुढें सरकत जातात. उघड्या कार्डावर लिहिलेला मजकूर जसा वाटेंत कोणाहि टपालवाल्यास वाचतां येतो, तसा हाहि वाचतां येईल. म्हणून कचेऱ्या व्हीपीएन नांवाची योजना करतात. तिला आपण आभासी खासगी मार्ग म्हणूं. आमच्या लहानपणीं बैलबाजारांत दलाल हातावर रुमाल टाकून त्याखालीं बोटें दाबून भाव ठरवीत. सौदा चालला आहे हें साऱ्या बाजाराला दिसे. कोण कोणाशीं बोलत आहे हेंहि दिसे. आंकडा मात्र त्या दोघांनाच कळे. व्हीपीएनचें काम त्या रुमालाचें आहे. माडीवरून निघणारा प्रत्येक तुकडा येथेंच गुप्त लिपींत शिरतो आणि कचेरीच्या दारांतच पुन्हां वाचनीय होतो.

आतां कोणी चिकित्सक विचारील, कीं गुप्त लिपीची खूण आधीं उभयतांना ठाऊक पाहिजे. ती उघड्या रस्त्यावरून पाठवावयाची कशी? या प्रश्नानें विद्वानांस फार काळ छळलें. १९७६ सालीं अमेरिकेंतील व्हिटफील्ड डिफी व मार्टिन हेलमन यांनीं त्याचें उत्तर प्रसिद्ध केलें. त्यांतील गणित आम्हांस येथें मांडतां येणार नाहीं, पण युक्ति रंगपंचमीच्या उदाहरणानें सांगतां येईल. दोघांनीं सर्वांसमक्ष एक पिंवळा रंग ठरविला. प्रत्येकानें त्यांत आपला एक गुप्त रंग कालविला आणि तें मिश्रण दुसऱ्याकडे उघड पाठविलें. मग आलेल्या मिश्रणांत प्रत्येकानें पुन्हां आपला गुप्त रंग घातला. दोघांच्या वाटींत आतां तिन्ही रंगांचें सारखेंच मिश्रण झालें. पण वाटेंत टपलेल्या माणसाला तें करतां येत नाहीं, कारण रंग कालविणें सोपें आणि कालविलेले रंग वेगळे करणें दुर्घट. रंगांच्या जागीं प्रचंड संख्या घेतल्या, कीं झालें. याच जातीच्या युक्तीनें आमच्या माडीवरील यंत्र दररोज सकाळीं पुण्याच्या यंत्राशीं नवी खूण ठरवितें.

येथपर्यंत ऐकून आम्हीहि म्हणालों होतों, कीं मग चिंता कसली? परंतु हा मार्ग कितीहि बळकट असला तरी त्यास साव आणि चोर ओळखतां येत नाहीं. ज्याच्या हातीं किल्ली, त्याला तो आदरानें आंत नेतो, आणि चोर असला तर त्याचेंहि बोलणें तितक्याच निष्ठेनें गुप्त ठेवतो. म्हणून दारापाशीं आलेला मनुष्य खरोखर तोच आहे काय, ही दुसरी परीक्षा पहिलीहून अवघड आहे.

या परीक्षेचें उत्तम उदाहरण आमच्या मतें वाल्मीकींच्या सुंदरकांडांत आहे. अशोकवनांत हनुमंत पुढें येऊन बोलूं लागला, तेव्हां सीतेनें त्याच्यावर एकदम विश्वास टाकला नाहीं. रावण पूर्वीं भिक्षूच्या वेषानें दारीं आला होता. हाहि त्याचाच अवतार नसेल कशावरून? तिनें आधीं रामलक्ष्मणांचीं लक्षणें विचारलीं. हनुमंतानें तीं यथातथ्य सांगितलीं, आणि मग रामनामांकित मुद्रिका तिच्या हातीं दिली. परत निघतांना सीतेनेंहि तेंच केलें. चित्रकूटावरील कावळ्याचा, केवळ तिला आणि रामाला ठाऊक असलेला प्रसंग सांगितला, आणि खूण म्हणून चूडामणि दिला. एक गोष्ट ठाऊक असली पाहिजे आणि एक वस्तु जवळ असली पाहिजे. अशा दोन साक्षी पटल्या तरच माणूस खरा. आज कचेऱ्या दोन साक्षी मागतात त्या ह्याच. पासवर्ड, म्हणजे परवलीचा शब्द, ही ठाऊक असण्याची साक्ष. आणि मोबाइलवर येणारे सहा आंकडे ही ‘वस्तु जवळ आहे’ याची साक्ष.

आतां आमच्या चुकीकडे येतों. त्या दुपारीं सूनबाई धाकट्या नातवास शाळेंतून आणावयास गेल्या होत्या. शाळा हांकेच्या अंतरावर, म्हणून मोबाइल ओसरीवरच्या कोनाड्यांत चार्जिंगला लावून ठेवलेला. तो वाजला. पलीकडील गृहस्थाचें मराठी स्वच्छ, स्वर आर्जवी. “काका, मी सूनबाईंच्या कचेरींतून बोलतों. त्यांचें खातें अडकलें आहे. आतां सोडविलें नाहीं तर त्यांचें आजचें सगळें काम बुडेल. मोबाइलवर सहा आंकडे येतील, तेवढे वाचून दाखवितां का?” आम्ही चष्मा चढविला. आंकडे आले. वर्गांत पाढे म्हणून घ्यावेत तशा खणखणीत आवाजांत आम्हीं ते दोनदां वाचून दाखविले. त्यानें आभार मानले. सुनेचें नुकसान वांचविल्याच्या समाधानांत आम्हीं पुन्हां वर्तमानपत्र हातीं घेतलें.

ती परत आल्यावर आम्हीं मोठ्या फुशारकीनें ही हकीकत सांगितली. तिचा चेहरा पांढरा पडला. “बाबा, तो कचेरींतला माणूस नव्हता,” इतकेंच बोलून ती मोबाइल घेऊन जिना चढून गेली. नातू खालीं दप्तर घेऊन उभाच राहिला. तिनें आधीं कचेरीच्या नेहमींच्या क्रमांकावर फोन केला. पांच मिनिटांच्या आंत तिचें खातें बंद झालें, आणि त्यावरून जो कोणी आंत शिरला होता तो बाहेर फेंकला गेला. पुढें दोन दिवस तिला काम नव्हतें. लॅपटॉप तपासणीस पुण्यास गेला. नोकरी राहते कीं जाते, हें कोणी उघड बोलत नव्हतें. पण त्या दोन दिवसांत जेवणाच्या पंगतींत भांड्यांचाच काय तो आवाज.

आमच्या मनांत मात्र ‘मुद्राराक्षस’ फिरत होतें. विशाखदत्ताच्या त्या नाटकांत राक्षस अमात्याचें कुटुंब चंदनदास नांवाच्या रत्नव्यापाऱ्याच्या घरीं लपलेलें असतें. यमपट दाखवीत, गाणें म्हणत हिंडणारा चाणक्याचा हेर तेथें शिरतो. एक लहान मूल कुतूहलानें बाहेर धांवतें. त्यास आंत ओढतांना आईच्या बोटांतील राक्षसाची मुद्रा निसटते आणि घरंगळत हेराच्या पायाशीं येते. पुढें चाणक्य एका पत्रावर तीच मुद्रा उमटवितो, आणि त्या पत्रानें राक्षस व मलयकेतु यांच्यांत कायमची फूट पडते. सैन्य लढलें नाहीं, तट फुटला नाहीं. घरांतल्या एका निसटत्या क्षणानें राजकारण फिरलें. ही गोष्ट आम्हीं वर्षानुवर्षें मुलांना सांगितली. आणि आमच्याच ओसरीवर यमपटवाला आला तेव्हां आम्हीं त्यास ओळखलें नाहीं.

मोठमोठ्यांची हीच गत झाली आहे, हें आम्हीं नंतर वाचलें. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यास लागणाऱ्या इंधनापैकीं सुमारें ४५ टक्के इंधन वाहून नेणारी कोलोनिअल पाइपलाइन ही कंपनी. ७ मे २०२१ रोजीं तिला आपली नळवाहिनी बंद करावी लागली आणि कित्येक ठिकाणीं पेट्रोलपंप कोरडे पडले. चोर शिरले होते ते व्हीपीएनच्याच दारानें. वापरांत नसलेलें एक जुनें खातें उघडें राहिलें होतें, त्याचा पासवर्ड चोरांच्या हातीं लागला होता, आणि त्या खात्यास दुसरी साक्ष जोडलेलीच नव्हती. कंपनीनें सुमारें ४४ लाख डॉलरची खंडणी भरली. त्यांतील बराच भाग अमेरिकन सरकारनें पुढच्या महिन्यांत परत मिळविला. तेथें दुसरी साक्ष मागितलीच गेली नाहीं. आमच्याकडे ती मागितली गेली, आणि आम्हीं ती मोठ्यानें वाचून दिली. दोहोंचा शेवट सारखाच होऊं शकला असता.

तो झाला नाहीं याचीं कारणें दोन. पहिलें असें, कीं सूनबाईंच्या कचेरीनें साऱ्या वाड्याची किल्ली एका हातीं दिलेली नव्हती. तिला तिच्या खोलीपुरतेंच दार उघडत असे, आणि पुढच्या प्रत्येक दारास पुन्हां ओळख द्यावी लागे. चोर पहिल्या खोलींतच चांचपडत राहिला. दुसरें कारण असें, कीं तिनें एक क्षणहि गमावला नाहीं. २०२२ सालच्या सरकारी निर्देशाप्रमाणें अशा घटनेची वर्दी सर्ट-इन या राष्ट्रीय यंत्रणेस सहा तासांच्या आंत देणें कंपन्यांवर बंधनकारक आहे. घरचा माणूस लाजेनें संध्याकाळपर्यंत गप्प बसला, तर कंपनीनें तरी काय करावें?

दुसऱ्या दिवशीं तिला कचेरीस लेखी खुलासा द्यावयाचा होता. तिनें लिहिलेला मजकूर आमच्या चिरंजीवांनीं आम्हांस दाखविला. त्यांत लिहिलें होतें, कीं मोबाइल निष्काळजीपणानें ठेवला ही चूक सर्वस्वीं माझी. आमचें नांवच नव्हतें. आम्ही माडीवर गेलों. सासऱ्यानें सुनेपुढें चूक कबूल करावी अशी आमच्या घराची रीत नाहीं. आमच्या वडिलांनीं तसें कधीं केल्याचें आम्हांस आठवत नाहीं. आम्हीं म्हटलें, “आंकडे मीं वाचून दाखविले. तें लिही. खोट्या खुलाशानें त्यांना चोराची रीत कळणार नाहीं, आणि दुसरें घर सावध होणार नाहीं.” ती कांहीं वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “मग माझेंहि एक लिहितें, बाबा. त्याच्याजवळ पासवर्ड आधींच होता, म्हणूनच तर आंकडे आले. तो शब्द मीं एका खरेदीच्या दुकानाच्या खात्यासहि ठेवला होता. तेथून तो फुटला असावा.” खुलासा दोघांच्या चुकांसह गेला. तिसऱ्या दिवशीं वरिष्ठांचा फोन आला. ते इतकेंच म्हणाले, कीं वेळेवर आणि खरें सांगितलेंत म्हणून निभावलें. त्या रात्रीं पंगतींत पुन्हां बोलणें सुरू झालें.

तेव्हांपासून आमच्या घरीं कांहीं नेम पाळले जातात. वाचकांपैकीं ज्यांच्या घरांत कचेरी शिरली आहे, त्यांनीं आपापल्या सोयीनें ते घ्यावेत.

कचेरीचा लॅपटॉप कचेरीचाच. देवघरांतील पळीनें आपण चहा ढवळीत नाहीं. तसेंच त्या यंत्रावर नातवानें खेळ खेळूं नये, कीं आम्हीं पंचांग पाहूं नये. ओसरीवरच्या राउटरचा, म्हणजे ब्रॉडबँडच्या डबीचा, कारखान्याहून आलेला पासवर्ड बदलला. तो बहुधा सगळ्यांस ठाऊक असलेला असतो. पाहुण्यांसाठीं त्याच डबीवर निराळें जाळें काढून दिलें, म्हणजे त्यांचे मोबाइल आणि कचेरीचें यंत्र एका पंगतीस बसत नाहींत. प्रत्येक खात्यास निराळा पासवर्ड. लक्षांत राहत नाहीं म्हणून त्यासाठींच केलेलें कुलूपबंद सॉफ्टवेअर सूनबाई वापरते. मोबाइलचा पडदा बंद असतां संदेशांतील आंकडे त्यावर दिसूं नयेत, अशी व्यवस्था केली. ती आधीं असती तर आम्हांला ते वाचतांच आले नसते. शिवाय कचेरीनें संदेशानें येणारे आंकडे बंद करून, दर तीस सेकंदांनीं बदलणारे आंकडे मोबाइलमध्येंच तयार करणारी योजना दिली आहे. ती अधिक बरी, पण तेहि आंकडे कोणी मोठ्यानें वाचून दाखविले तर तिचा उपयोग काय? त्याहून सुरक्षित अशी लहानशी किल्लीच मिळते. ती यंत्रास लावावी लागते आणि फोनवरून वाचून दाखवितां येत नाहीं.

आणि सर्वांत मोठा नेम वडीलधाऱ्यांसाठीं. फोनवरील माणूस कितीहि गोड बोलो, घाई कितीहि असो, त्यास “आम्हीच कचेरीस फोन करतों” एवढें सांगून फोन ठेवावा, आणि आपल्याजवळच्या जुन्या क्रमांकावर खात्री करावी. आपला पडदा दुसऱ्यास दिसेल असें एखादें सॉफ्टवेअर घ्यावयास कोणी सांगितलें, तर मुळींच घेऊं नये. या युक्तीनें बँकेच्या ठेवी लुटल्या जातात म्हणून रिझर्व्ह बँकेनें २०१९ च्या फेब्रुवारींतच सावध केलें होतें. पैसे गेलेच तर १९३० या सरकारी क्रमांकावर तत्काळ कळवावें. आणि चूक झाली तर ती लपवूं नये. येथें विलंब हाच चोराचा मित्र.

एका गोष्टीचें मात्र आम्हांस वाईट वाटत राहिलें. आमच्या पिढीस शिकविलें होतें, कीं दारीं आलेल्याशीं गोड बोलावें, कोणी मदत मागितली तर नाहीं म्हणूं नये. त्या गृहस्थानें आमच्या याच संस्कारावर डाव टाकला. मग संस्कार सोडावा काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. सीतेनें हनुमंताचा अव्हेर केला नाहीं. तिनें त्याला ओळख विचारली, आणि हनुमंतास त्यांत अपमान वाटला नाहीं. खऱ्या माणसाला ओळख विचारल्याचा राग येत नाहीं. राग आला, घाई केली, कीं समजावें, हा यमपटवाला.

परवां दुपारीं कोनाड्यांतला मोबाइल पुन्हां वाजला. आम्हीं तो उचलला नाहीं. जिन्यापाशीं जाऊन सूनबाईस हांक मारली. ती खालीं आली, क्रमांक पाहिला आणि हंसली. “बाबा, हा तर माझ्या आईचा फोन!” आमची फजिती झाली खरी, पण त्या फजितीचें आम्हांस मुळींच वाईट वाटलें नाहीं.